डाव्या बाजूचा आवाज

आमच्याकडे गुरुवारच्या भजनाला बसणाऱ्या बायका आरतीनंतर आपापले अनुभव सांगतात. कुणाला स्वप्नात दृष्टांत झालेला असतो, कुणाची हरवलेली पोथी नेमक्या दिवशी सापडलेली असते. माझी पाळी आली की मी प्रसादाचं ताट आणायला आत जाते. सांगण्यासारखं काही नाही असं नव्हे. पण माझा अनुभव सांगायचा तर आधी माझं खोटं सांगावं लागतं, आणि तेवढी छाती आजवर झाली नाही. आता वय पन्नाशीला टेकलं. परवा यजमान म्हणाले, "लिहून टाक. तुला बोलायला जमत नाही आणि मला ऐकायला. लिहिलंस तर दोघांचंही काम होईल." म्हणून लिहिते आहे.

माझं खोटं फार मोठं नव्हतं. दोनच शब्दांचं होतं. ते शब्द म्हणजे 'काही नाही'.

माझं माहेर निपाणीकडचं. लग्न होऊन बेंगळुरात आले ती तीनशे वर्षं इथेच राहिलेल्या घराण्यात. आमच्या घरातलं मराठी ऐकून माझे वडील हसायचे. 'स्वल्प थांब', 'सरी, येतो', म्हणजे जरा थांब, बरं येतो, असं बोलणारी ही माणसं, पण देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आणि चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत. खंडोबाला इथे मैलार म्हणतात. आनेकलच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला, एका लहानशा टेकडीवर आमच्या घराण्याचं त्याचं ठाणं आहे.

यजमान यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. त्यांच्या कानाची तिथे ख्याती होती. लेथ चालू असताना दारातूनच ऐकून सांगायचे, पात्याची धार गेली आहे की बेअरिंग सुकलं आहे. घरीही तसंच. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी त्यांना कळायचं की आता होणार. मग त्यांना छातीचा आजार झाला. महिनोन्‌महिने ताप आणि रोजची इंजेक्शनं. एका संध्याकाळी मी फार घाबरले आणि मनातल्या मनात बोलून गेले, "मैलारा, हे उठले तर यांच्याच गाडीतून, यांच्याच हातानं गाडी चालवत यांना तुझ्या पायरीशी आणीन." नवस बोलताना माणूस अटी का घालतो, कोण जाणे. नुसतं 'आणीन' म्हटलं असतं तर बसनंही जाता आलं असतं.

हे उठले. ताप गेला, पण औषधानं जाता जाता डावा कान जवळजवळ पूर्ण नेला आणि उजवा निम्मा. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, जीव वाचवायचा तर हा धोका आहे. त्यामुळे राग कुणावर धरायचा नव्हता. कारखान्यात त्यांना टूलरूममधून उचलून स्टोअरमध्ये बसवलं. ते काही बोलले नाहीत. मीही काही विचारलं नाही.

नवस मात्र राहून गेला. पहिल्या वर्षी अशक्तपणा, दुसऱ्या वर्षी घरात सुतक. माझ्या मनानं घेतलं की नवस राहिला म्हणूनच कान बरा होत नाही. हा विचार कुणाला सांगितला असता तर कुणी मला वेड्यात काढलं असतं आणि बरं झालं असतं. पण मी तो गाठीला बांधून ठेवला.

याच काळात 'काही नाही' सुरू झालं. माझ्या नणंदबाई, त्यांना आम्ही अक्का म्हणतो, चिकपेटेत राहतात आणि रविवारी जेवायला येतात. त्या काहीतरी गमतीचं बोलायच्या, सगळे हसायचे, आणि हेही हसायचे, एक क्षण उशिरा. मग हळूच माझ्याकडे वळून विचारायचे, "काय म्हणाली अक्का?" मी वाढत असायची, हातात गरम भांडं असायचं, पुन्हा सगळं मोठ्यानं सांगायचा कंटाळा यायचा. "काही नाही," मी म्हणायची. अक्का एकदा म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सगळं दोनदा सांगावं लागतं ग. त्यापेक्षा देव बरा, त्याला एकदाही सांगावं लागत नाही." सगळे हसले. हेही हसले. काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं आणि मी म्हटलं, काही नाही. दारावर कोण आलं होतं? काही नाही. फोनवर कोण होतं? काही नाही, सहज. एका माणसाच्या वाटचं जग मी असं चिमूट चिमूट काढून घेत होते आणि स्वतःला वाटत होतं, मी दमलेली बायको आहे, एवढंच.

आता गाडीचं. आमची गाडी जुनी, डिझेलची, दुसऱ्या हातची. ती सुरू झाली की शेजारच्या बायका म्हणायच्या, गिरणी उघडली. यजमानांचा तिच्यावर फार जीव. आजारातून उठल्यावर ज्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा ती पुसली, त्या दिवशी मला वाटलं, आता हा माणूस राहतो. इंजिन त्यांना ऐकू येण्यापेक्षा तळव्यांना आणि तळहातांना अधिक कळायचं. पण ब्रेकचे बारीक आवाज तळव्यांना कळत नाहीत.

चंपाषष्ठीला पंधरा दिवस होते. एका रविवारी सकाळी ते म्हणाले, "पेडल जरा खाली जातंय. माझ्याबरोबर चल, तू ऐक." कारखान्याच्या मागचा रस्ता मोकळा असतो, तिथे गेलो. मी काच खाली केली. ते हळूहळू वेग घ्यायचे आणि ब्रेक दाबायचे. "आवाज येतोय? बारीक की जाड? दाबल्यावरच, की सोडल्यावरही?" डॉक्टर रोग्याला विचारतो तसं विचारत होते.

आवाज येत होता. मागच्या डाव्या चाकाकडून, माझ्याच बाजूनं. रिकाम्या तव्यावर उलथणं ओढावं तसा खर्र खर्र. ब्रेक दाबला की यायचा, सोडला की जायचा. मला स्वच्छ ऐकू येत होता.

"काही नाही," मी म्हटलं.

का म्हटलं, ते खरं सांगते. आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकचा 'उद्या' हा आठवड्याच्या पुढेच उगवतो. गाडी त्याच्याकडे गेली असती तर याही वर्षी नवस हुकला असता. आणि मनाला मी एक छान कारणही दिलं. देवाचं काम आहे, देव सांभाळेल. माझं खोटं मी देवाच्या खांद्यावर ठेवलं आणि त्याला श्रद्धा म्हटलं.

ते समाधानानं म्हणाले, "आवाज नाही ना? मग चिंता नाही. आतले ब्रेकचे पट्टे झिजून रिव्हेट वर आले असते तर ड्रमला घासून ओरडले असते. ड्रम खोलायची गरज नाही, नुसते ब्रेक घट्ट करतो." हे सगळं मी ऐकलं. तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. त्याच दुपारी ते पोतं अंथरून गाडीखाली झोपले, चाकामागच्या पत्र्याला एक लहानसं भोक असतं त्यातून पेचकस घालून त्यांनी ब्रेक घट्ट केले. पेडल वर आलं. हात पुसत घरात आले तेव्हा चेहऱ्यावर टूलरूममधलं जुनं हसू होतं. ते हसू पाहून मला बरं वाटलं, हे लिहिताना आज मान खाली जाते.

चंपाषष्ठीला सकाळी निघालो. डब्यात भरीत-भाकरी, पिशवीत भंडारा, म्हणजे देवाची हळद. आनेकल मागे पडलं तसा रस्ता अरुंद झाला, दोन्हीकडे नाचणी कापून झालेली शेतं आणि मधूनच जमिनीतून वर आलेले काळे खडक. प्रत्येक ब्रेकला तो आवाज येत होता आणि मी मनात मैलाराचं नाव घेत होते. खरं तर त्याचं नाव मी आवाज झाकायलाच घेत होते. आता पुढे लांबच्या लांब उतार लागणार होता. खाली ओढा, ओढ्यापलीकडे टेकडी. उताराच्या माथ्यावर एक होंगेचं, म्हणजे करंजाचं झाड आहे. झाड दिसलं आणि मागच्या डाव्या चाकातून अशी किंचाळी उठली की माझे दोन्ही हात कानांवर गेले. पत्र्यावर पत्रा फाडावा तसा आवाज. यजमानांना तो ऐकू आला नसावा, पण पायाला जाणवला. त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच होतं.

झाडाखाली एक पाथरवट बसला होता. पाटे-वरवंटे आणि उखळं घडवणारा, साठीच्या पुढचा, पापण्यांवरही दगडाची पांढरी धूळ. हातातली छिन्नी न ठेवताच तो उठला आणि आमच्याकडे येत ओरडला, "कल्लु! कल्लु!"

कन्नडात कल्लु म्हणजे दगड. इतकी वर्षं या शहरात राहिलेल्या मला ते ठाऊक नाही असं नाही. पण त्या क्षणी, गिरणीसारख्या धडधडणाऱ्या त्या इंजिनावरून, मला ऐकू आलं ते मराठी. कळलं. कळलं. माझं खोटं याला कळलं, असंच वाटलं. यजमान तर हल्ली ओठांवरूनच वाचायचे, आणि ओठ मराठीतच वाचायचे. ते माझ्याकडे वळले. "काय कळलं म्हणतोय तो?"

'काही नाही' जिभेवर आलं होतं. मी गिळलं. पण गिळून खरंही बोलले नाही. "दगड म्हणतोय," एवढंच मी त्यांना मोठ्यानं सांगितलं. पाथरवटानं चाकाकडे बोट केलं, मग हातानं मागे ढकलल्यासारखं करून दाखवलं. स्वल्प मागे घ्या. आयुष्यभर लोखंडावर दगड आणि दगडावर लोखंड ऐकलेला माणूस. चाकात दगड गेला आहे हे त्याला झाडाखाली बसल्या बसल्या समजलं होतं. यजमानांनी गाडी हातभर मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली. किंचाळी थांबली. पाथरवटानं मान हलवली, "सरी."

यजमान हसले. त्यांनी त्याला हात केला आणि पहिला गिअर टाकला. समोर उतार होता. उताराखाली ओढा, पलीकडे टेकडीवरचा पिवळा झेंडाही दिसत होता. तीनएक मैल राहिले होते. मोठा आवाज गेला होता, आणि त्याच्याखाली लपलेला माझा आवाज, पंधरा दिवसांचा, मला एकटीलाच ठाऊक होता.

मी म्हटलं, "थांबा." माझी बाजू त्यांच्या मेलेल्या कानाची. गाडीत मी कायम त्याच बाजूला बसत आले. मी पुन्हा म्हटलं. गाडी हलली. आमच्या गाडीचं इंजिन किल्लीनं बंद होत नाही, मधे एक बटण आहे ते ओढून धरावं लागतं. इतक्या वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता. मी ते ओढलं. गिरणी दोन-तीन आचके देऊन गप्प झाली. यजमान माझ्याकडे बघतच राहिले.

"आवाज आजचा नाही," मी म्हटलं. "पंधरा दिवस येतोय. त्या रविवारीही येत होता. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

ते खाली उतरले, जॅक काढला. पाथरवटानं न सांगता चाकाला पुढून दगड लावला. चाक उतरलं, पण ड्रम निघेना. तेव्हा पाथरवटानं आपला हातोडा घेतला आणि ड्रमच्या कडेकडेनं असा टकटक करत गेला, जसा उखळाचा काठ घडवत होता तसाच. ड्रम सुटला. आतून हरभऱ्याएवढा एक काळा खडा घरंगळला. रिव्हेट वर आले होते, ड्रमला त्यांनी गोल चरे पाडले होते. आणि यजमानांनी आतल्या सिलिंडरची रबरी टोपी बोटानं जरा उचलली, तर तिच्याआड साठलेलं ब्रेकचं तेल भळकन सांडलं. ते त्या तेलाकडे पाहत बसले. मग उताराकडे पाहिलं. मग मला समजावून सांगितलं, रोजच्या सवयीनं, शांतपणे. हे उतारावर, एकदा जोरानं ब्रेक दाबताच फुटलं असतं. पेडल थेट तळाला गेलं असतं.

पाथरवटाला आमच्यातलं काय समजलं कोण जाणे. तो मला कन्नडात म्हणाला, गाडी आणि बायको आधी हळू बोलतात, अम्मा. नंतर दगड घालून बोलतात.

यजमानांनी विचारलं, "काय म्हणाला?"

मी सांगितलं. सगळं, जसंच्या तसं.

ते थोडं हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, "घरात तू 'काही नाही' म्हणतेस तेव्हा काहीतरी असतं, हे मला दोन वर्षं माहीत आहे. वाईट वाटतं, पण तूही दमतेस. गाडीत मात्र मी खरं मानलं. गाडीच्या बाबतीत तू मला खोटं सांगणार नाहीस, असं वाटलं."

मारलं असतं तर बरं, असं मला वाटलं. मी रडले. रस्त्यावर, एका परक्या माणसासमोर. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, पण हाताला तेल होतं, म्हणून कोपरानंच मला हलकेच ढोसलं. आणि मग त्यांनीही सांगितलं. मेकॅनिककडे जायला त्यांनाच नको होतं. तो विचारेल, आवाज कसा आहे, आणि आपल्याला सांगता येणार नाही, याची लाज. म्हणून स्वतः गाडीखाली झोपले, आणि घट्ट करून झाल्यावर त्या भोकाचं रबरी बूच लावायला विसरले. खडा तिथूनच आत गेला होता. पुढे ते बूच मला घरी बटणांच्या डब्यात सापडलं. त्यांच्या खिशातून निघालं तेव्हा कसलं आहे हे न विचारता मीच ते तिथे टाकलं होतं.

मी तो खडा घ्यायला वाकले, देव्हाऱ्यात ठेवायला. तेवढ्यात पाथरवटानं तो उचलला, बोटात फिरवून पाहिला आणि आपल्या झाडाखालच्या ढिगाकडे भिरकावला. तिथे तसल्या हजार कपच्या पडल्या होत्या. मी धावले, दोन-चार उचलून पाहिल्या, सगळ्या सारख्याच. यजमान मागून म्हणाले, "राहू दे. आपल्या गर्दीत गेला तो."

गाडी पाथरवटाच्या राखणीत ठेवली आणि आम्ही पायी निघालो. तीन मैल. मी पहिल्यांदाच त्यांच्या उजव्या बाजूनं चालत होते. त्या वाटेवर मी दोन वर्षांचं सगळं सांगितलं. अक्का काय म्हणाल्या होत्या तेही सांगितलं, देवाला एकदाही सांगावं लागत नाही ते. त्यावर ते रस्त्यात थांबून एवढे हसले की समोरून येणारी गुरं बिचकली. टेकडीच्या पायरीशी आल्यावर मात्र माझा पाय अडला. नवस यांच्या हातानं गाडी चालवत आणण्याचा होता, आणि आम्ही धुळीनं माखलेले, पायी आलो होतो. मी त्यांना नवसाची अटही सांगितली, आजवर सांगितली नव्हती ती. त्यांनी वरच्या झेंड्याकडे बोट केलं.

"गाडी मी चालवत आणलीच की," ते म्हणाले. "थांबवली त्यानं."

आम्ही वर गेलो आणि भंडारा उधळला. मी काहीच मागितलं नाही. कानही नाही.

दुसऱ्या दिवशी आनेकलहून माणूस नेऊन गाडी दुरुस्त केली. पाथरवटानं काही घेतलं नाही. आदल्या दिवशी डब्यातलं भरीत मात्र मागून घेतलं होतं आणि तिखट कमी आहे म्हणाला होता. मी त्याला देव म्हणत नाही, म्हटलं तर तो हसेल. पुढच्या चंपाषष्ठीला आम्ही पुन्हा गेलो तेव्हा माथ्यावर पोचायच्या आधीच तो रस्त्याकडे तोंड करून उभा होता. आमचे चेहरे त्याला आठवले नाहीत. गाडीचा आवाज आठवला होता. वाकून चाक ऐकलं आणि म्हणाला, "कल्लु इल्ल." दगड नाही.

कधी एकटी बसले की तो दिवस उलगडून पाहते. माझं खोटं, यांची लाज, विसरलेलं बूच, नेमक्या माथ्यावर आत गेलेला खडा. यात देवानं काय केलं आणि आपोआप काय झालं, हे मला वेगळं करता येत नाही, आणि आता करायचंही नाही. एवढंच कळलं की देवावर सोडणं म्हणजे आपण गप्प बसणं नव्हे. त्यानं ऐकवलेलं आपण पुढे सांगायचं असतं, मग आपली झाकली मूठ उघडी पडली तरी. बाकीचं तो पाहतो. त्यानं मला दोन चांगले कान दिले होते, ते दोघांच्या वाटचे होते.

यांचा कान तसाच आहे. मी मात्र आता सगळं सांगते. परवा संध्याकाळी गाडीतून येत होतो. सिग्नलला टिटवी ओरडली, सांगितलं. कुणाच्या तरी घरात कुकरची तिसरी शिट्टी झाली, सांगितलं. यांनी गाडी जरा हळू काढली म्हणून मागचा स्कूटरवाला माझ्या बाजूनं पुढे गेला आणि जाता जाता कन्नडातून काहीतरी बोलला. यांनी विचारलं, "काय म्हणाला?"

"काही..." मी म्हटलं, आणि त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग मी त्यांना ओठ नीट दिसतील अशी वळून ती शिवी मोठ्यानं सांगितली, अख्खी, त्यांच्या आजोबांपर्यंत पोचणारी. ते हसले. मीही हसले. आणि या वेळी आम्ही बरोबर एकाच क्षणी हसलो.